कानातली साक्ष

मी डूख धरणारी बाई आहे. शाळेत माझी पट्टी मोडून वर मलाच हसलेल्या मुलीच्या लग्नाला मी गेले नव्हते, आणि का येणार नाही हे तिला आधी कळवलंही होतं. त्यामुळे विक्रांत सरपोतदार नावाचा माणूस भर सुनावणीत माझ्या नवऱ्याबद्दल जे बोलला ते मी विसरून जाईन, असं ज्यांना वाटलं ते मला ओळखत नव्हते.

तो म्हणाला होता, "काकू, यंत्र खोटं बोलत नाही. आपल्याकडे लोकांना कानात काडी घालायची सवय असते. त्याला कंपनी काय करणार?"

निरंजन माझ्या शेजारीच बसला होता. त्याने संगणकाच्या पडद्यावरची नजर काढून स्वतःच्या हातांकडे वळवली. कुणी अपमान केला की तो असंच करतो, आणि मग त्याच्या वाटणीचा राग मला करावा लागतो.

निरंजन मिरजेत तंबोरे करतो. करतो म्हणजे भोपळा, दांडी, रंग, नक्षी हे सगळं इतर लोक बघतात. तो जवारी लावतो. पुढचं सगळं या जवारीवरच आहे, म्हणून थोडं सांगते. तंबोऱ्याची तार ज्या घोडीवर टेकते तिचा माथा अगदी किंचित उताराचा असतो. छेडलेली तार त्या उतारावर टेकत, सुटत थरथरते आणि मूळ स्वरातून त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे कितीतरी बारीक स्वर उमलत जातात. तो गुंजणारा, जरासा झणझणणारा आवाज म्हणजे जवारी. घोडी कमी घासली तर तार नुसती टणटणते, केसभर जास्त घासली तर तंबोरा मुका होतो. मधली जागा कानाने शोधायची.

निरंजनला हे काम उस्मानचाचांनी शिकवलं. त्यांची पद्धत अशी की जबड्याचं हाड दांडीला टेकवायचं, डोळे मिटायचे आणि मग तार छेडायची. बाजारातला गोंगाट मग आड येत नाही, आवाज लाकडातून थेट हाडात जातो. निरंजन आयुष्यभर तसंच करत आला. त्याच्या डाव्या जबड्यावर त्याचा एक गुळगुळीत डाग आहे. लग्नाआधी मला तो मारामारीचा वाटला होता, आणि खरं कळल्यावर मी थोडी निराश झाले होते.

साठीच्या आसपास त्याचे कान गेले. सगळे नाही, वरचे. कानातल्या शंखासारख्या नळीत केसांएवढ्या बारीक पेशींची रांग असते. उंच स्वर ऐकणाऱ्या पेशी अगदी दाराशी बसलेल्या, म्हणून आयुष्यभराचा मार आधी त्यांना बसतो. त्याला माझं बोलणं ऐकू येत होतं, दारावरची बेल ऐकू येत होती. जवारी तेवढी येत नव्हती. त्याने कुणाला सांगितलं नाही. "सध्या तब्येत बरी नाही" म्हणत तो आलेली कामं परत पाठवू लागला. उस्मानचाचांचा स्वतःचा तंबोराही त्याने चादरीत गुंडाळून कोपऱ्यात ठेवून दिला. त्याची सांबरशिंगाची घोडी इतक्या वर्षांत घासून घासून पातळ झाली होती. तिच्यात शेवटची एकच जवारी शिल्लक आहे, ती नीट ऐकू येईल तेव्हाच लावीन, असं तो म्हणायचा. तसं शिंग आता कुठे मिळत नाही, मिळवणं गुन्हाच आहे.

आमची मुलगी सई गोथेनबर्गला असते. तिने तिथून बापासाठी हाल्डोर कंपनीचा कर्णसंच आणला. कानाच्या पडद्यावर तरंगणारी एक पातळ पडदी आणि कानाच्या तोंडाशी मुगाएवढा दिवा. दिवा प्रकाशाच्या स्पंदनांनी पडदीला थरथरवतो आणि दमलेल्या पेशींना नेमकं ढकलून जागं करतो. वादक-गायकांसाठी बनवलेलं हे ध्वनियंत्र. औषधोपचाराचं साधन म्हणून कंपनीने ते मुद्दामच विकलं नव्हतं, म्हणजे डॉक्टरांचे कायदे लागायला नकोत. ज्या दिवशी निरंजनने तो संच घातला, त्या दिवशी त्याने दुकानातले सगळे तंबोरे एकेक करून छेडले आणि मग अंगणात जाऊन नळावर तोंड धुतलं. मी त्याला पाण्याचं निमित्त करू दिलं.

ते सुख एक उन्हाळासुद्धा टिकलं नाही. एका दुपारी काम करता करता त्याच्या कानात बाईचा गोड आवाज आला, अगदी शुद्ध मराठीत: मालकाने केलेल्या गैरवापरामुळे पडदी फाटली आहे, आपल्या सुरक्षेसाठी संच कायमचा बंद करण्यात येत आहे. आणि बंद झाला.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. स्वीडनचं कार्यालय म्हणालं, यंत्र आम्ही विकलं खरं, पण वापरणारा भारतात आहे, तिकडे विचारा. पुण्याचं कार्यालय म्हणालं, यंत्र आम्ही विकलेलंच नाही, जिथून घेतलं तिथे विचारा. सईकडे पाठवलेलं पार्सल कस्टममधून परत आलं, कारण बंद पडलेलं यंत्र नवं म्हणूनही पाठवता येत नव्हतं आणि भंगार म्हणूनही. शेवटी मी ग्राहकांच्या ऑनलाइन तंटा-मंचाकडे गेले, आणि तिथे नव्या कायद्याने आमच्या तोंडाला पानं पुसली. यंत्राच्या आत जे स्वतःची तपासणी करणारं यंत्र असतं, त्याचा अहवाल मोहोरबंद असतो; कुणाला त्यात ढवळाढवळ करता येत नाही; म्हणून तो साक्ष म्हणून ग्राह्य. यंत्र खोटं बोलतंय हे मालकाने सिद्ध करायचं. संच उघडून पाहावा अशी मी विनंती केली. सरपोतदार, म्हणजे हाल्डोरचा भारतातला प्रमुख, म्हणाला की अहवाल स्पष्ट असताना उघडायचं कारण काय. आणि मग ते काडीचं वाक्य.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. निरंजन मात्र त्या संध्याकाळी म्हणाला की जाऊ दे, मंजू, आपल्याला थोडे दिवस तरी ऐकायला मिळालं ना. असा समजूतदारपणा ऐकला की मला भांडी आपटावीशी वाटतात.

कारण सापडलं ते अगदी अचानक. अवनी देशिंगकर ही आत्ता जिचं सगळीकडे नाव आहे ती गायिका, पूर्वी रंगाला टाकलेला तिचा तंबोरा न्यायला दुकानात आली होती. हाल्डोरचाच संच तिच्याही कानात होता, लंडनहून घेतलेला. तिने तंबोरा मांडीवर उभा धरला, सगळे गायक करतात तसा दांडीला गाल लावला आणि तारा छेडल्या. निरंजनने कान जाण्याआधी लावलेली फार सुंदर जवारी होती ती. अवनी डोळे मिटून हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा पडला. "हे काय," ती म्हणाली, "मी फाडलं म्हणतंय."

मी आयुष्यभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं. तरी तिचा गाल आणि ती दांडी डोळ्यांसमोर बघेपर्यंत माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नव्हता. संचात दोन मायक्रोफोन असतात. एक बाहेरचा आवाज ऐकतो, दुसरा कानाच्या आत बसून पडदी काय वाजवते ते ऐकतो. दोन्ही जुळले तर सगळं ठीक. बाहेर आहे त्याहून जास्त झणझण आत ऐकू आली तर पडदी फाटली, कारण फाटलेला स्पीकर जसा झणझणतो तशीच फाटलेली पडदी झणझणते. पण जवारी जबड्याच्या हाडातून थेट कानाच्या आत पोचत होती, बाहेरच्या मायक्रोफोनला वळसा घालून. इतके दिवस निरंजन नुसत्या कानाने ऐकण्याच्या आनंदात होता; त्या दुपारी जुन्या सवयीने त्याने पहिल्यांदा जबडा टेकवला होता. जगातल्या सगळ्यात देखण्या आवाजाला ते यंत्र स्वतःची जखम समजत होतं. तंबोऱ्याला हाड लावून ऐकणारी माणसं जगात असतात, हे स्वीडनमध्ये कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

अवनीला दोन दिवसांत नवा संच मिळाला, न मागता, फुलांसकट. तिच्या अहवालाला कुणी साक्ष मानलं नाही. हे कळलं तेव्हा माझं ठरलं.

निरंजनला मी सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला. तो म्हणाला, त्यांनाही बिचाऱ्यांना ठाऊक नसेल, लिहून कळव, ते दुरुस्त करतील. लहान मूल सायकल मागतं तसं त्याने ते दोनतीनदा मागितलं. मी म्हटलं, लिहिते. पुढच्या आठवड्यात त्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, लिहिलं, उत्तर आलं नाही.

मी लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर काय झालं असतं, ते मला ठाऊक होतं. निरंजनला गुपचूप एक नवा संच, फुलांसकट, आणि सरपोतदार पुढच्या सुनावणीत पुढच्या माणसाला काडीवरून बोलायला मोकळा.

हाल्डोर दिवाळीच्या आधी पुण्यात मोठा समारंभ करणार होती. भारतात विक्री सुरू होत होती, गाणं अवनीचं होतं. मी तिला एक कल्पना सुचवली, ती तिने सरपोतदारला सुचवली: प्रत्येक पाहुण्याला कानात संच द्यायचा आणि हातात मिरजेची एक छोटी एकतारी डबी. डबी हनुवटीला लावायची, तार छेडायची, स्वर हाडात अनुभवायचा. अवनीने मला कशासाठी हे विचारलं नाही. "मला काही सांगू नका हं काकू," एवढंच म्हणाली आणि हसली. सरपोतदारला कल्पना बेहद्द आवडली. परंपरा आणि तंत्रज्ञान, असं काहीतरी तो सगळ्यांना सांगत सुटला. डब्यांची ऑर्डर आमच्या दुकानाच्या नावाने आली. तारळेकर हे आमचं आडनाव त्याला आठवलंही नाही, याचं मला वाईट वाटलं आणि मग मी तेही हिशेबात धरलं.

डब्यांना जवारी निरंजनने लावली. पाहुण्यांना भेट म्हणून द्यायच्या आहेत एवढंच मी त्याला सांगितलं होतं, कानातल्या संचाचं आणि हनुवटीचं काही नाही. त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून मी शेजारी फोन घेऊन बसत असे. फोनच्या पडद्यावर बारीक स्वरांचे उभे पट्टे दिसत, ते उंच झाले की मी त्याच्या गुडघ्यावर बोट टेकवायचे. खऱ्या तंबोऱ्याला हे चालणार नाही, तो म्हणायचा, पडद्यावर दिसतं ते निराळं आणि कानाला लागतं ते निराळं, पण खेळण्याला ठीक आहे. कितीतरी वर्षांत आम्ही असे गुडघ्याला गुडघा लावून बसलो नव्हतो. मधेच तो गुणगुणायचा. एकदा म्हणाला की आपल्या डब्या इतक्या लोकांच्या हातात जाणार, चाचांना आवडलं असतं. मी पट्ट्यांकडे बघत राहिले.

समारंभाला तो कोट घालून आला. आम्हाला मागच्या रांगेत जागा होती. पुढे पत्रकार, कानाचे डॉक्टर, वादक, व्यापारी, आणि आमची सुनावणी घेतलेले तंटा-मंचाचे गृहस्थ. सगळ्यांच्या कानात मुगाएवढे दिवे. सरपोतदार पांढऱ्या बंद गळ्यात मंचावर आला, स्वतः डबी हनुवटीला लावून दाखवली आणि म्हणाला, चला, सगळे एकदम.

सभागृहभर ती जवारी उठली. मला अजून ऐकू येतं, म्हणून सांगते, क्षणभर मीसुद्धा कशासाठी आले ते विसरले. मग पहिल्या रांगेतल्या एका बाईचा हात कानाकडे गेला. तिच्या शेजारच्याचा गेला. वाऱ्याने शेत हलावं तसे हात उठत मागे मागे येत गेले. प्रत्येकाच्या कानात ती गोड आवाजाची बाई प्रत्येकाला सांगत होती की तुम्हीच फाडलंत. शेवटी सरपोतदारचा हात गेला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि डोळ्यांतून निघून गेलं. तो क्षण मला कुणी पुन्हा दाखवला तर मी पुन्हा बघेन.

मी मधल्या वाटेने चालत मंचापाशी गेले. त्याने मला ओळखलं नाही, मग ओळखलं.

"साहेब," मी म्हटलं, "यंत्र खोटं बोलत नाही. आपल्याकडे लोकांना कानात काडी घालायची सवयच असते."

माईक चालू होता. पत्रकारांनी ते वाक्य दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं छापलं.

कंपनीची कोंडी झाली होती. साक्ष खरी म्हणावी तर सभागृहातल्या एकजात सगळ्यांनी, खुद्द प्रमुखासकट, एकाच मिनिटात आपापली पडदी फाडली होती. खोटी म्हणावी तर जगभर नाकारलेल्या सगळ्या तक्रारी पुन्हा उघडणार होत्या. त्या उघडल्या. सरपोतदारची नोकरी गेली. त्याची बायको म्हणे माहेरी गेली. हे कुणीतरी मला सांगितलं आणि मी चहा दुसऱ्यांदा घेतला.

पण त्या रात्री पुण्याहून परतताना कासेगाव आल्यावर निरंजन खिडकीकडून माझ्याकडे वळला. मग त्याने विचारलं, "तू पत्र लिहिलंच नव्हतंस ना?"

मी नाही म्हटलं.

"मला सांगितलं असतंस तर मी डब्या केल्या नसत्या," तो म्हणाला. "माझी जवारी ऐकून लोकांनी कान धरले, मंजू. सगळ्यांनी. मी मागून बघत होतो."

त्यानंतर कितीतरी दिवस आमच्यात दूध, वीज आणि भाजी एवढंच बोलणं होतं. मला वाटलं होतं, संच परत आला की सगळं निवळेल. मी कंपनीच्या मागे लागले, आणि या वेळी माझा फोन पहिल्या घंटेला उचलला जात होता. माफीच्या चिठ्ठीसह निरंजनचा संच आला, उघडलेला, तपासलेला, नव्या सुधारणेसह. हा दोष पुन्हा कधीही उद्भवणार नाही, अशी कंपनीची हमी होती. मी ती त्याला मोठ्याने वाचून दाखवली. तो पहिल्यांदा हसला, त्याने संच कानात घातला आणि माझं बोलणं ऐकून म्हणाला की तुझ्या आवाजातली धार विसरलोच होतो.

मग त्याने कोपऱ्यातली चादर काढली. उस्मानचाचांचा तंबोरा मांडीवर घेतला, जबडा दांडीला टेकवला आणि घोडी घासायची कानस उचलली.

मी स्वयंपाकघरात शेंगा सोलत होते. आधी तार नुसती टणटणत होती. हळूहळू तिच्या कडा मऊ झाल्या. मग ती लागली. मला गाणं येत नाही, पण भिंतीपलीकडून कुणी दिवा मोठा करावा तसा तो आवाज घरभर झाला, एकातून एक उमलत, थांबेचना. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मी वाट बघत होते की तो आता हाक मारेल.

कानशीचा आवाज पुन्हा सुरू झाला. मला वाटलं, त्याला याहूनही बारीक काही हवं असेल. तो त्याचा प्रांत. मी उठले नाही. तार पुन्हा वाजली, थोडी मंद. पुन्हा कानस. पुन्हा तार, आणि आता तिच्यात काही उमलत नव्हतं. मग मी धावले.

दारात पोचेपर्यंत मला सगळं कळलं होतं. माझ्यामुळे घाबरलेल्या कंपनीने घाईघाईने सगळ्यात सोपा उपाय केला होता. त्या झणझणीला यंत्र फसतं ना, मग झणझणच ऐकू येऊ द्यायची नाही. जवारी ओळखायची आणि पुसून टाकायची, हे जगातल्या प्रत्येक संचाला शिकवलं गेलं होतं. मी शिकवायला लावलं होतं.

निरंजन घोडीवरून बोट फिरवत बसला होता. माथा सपाट झाला होता, खाली शिंगाचा पापुद्रा उरला होता.

"काही येतच नाही गं," तो म्हणाला. "स्वच्छ येतो आवाज, पण रिकामा. हाडाला एकदा वाटलं लागली म्हणून. कान नाही म्हणाला." त्याने माझ्याकडे बघितलं. "तू ऐकत होतीस ना आतून? मधे कधी लागली होती का?"

या माणसासाठी मी अख्ख्या कंपनीवर उट्टं काढलं होतं. त्याने मला कधी एका शब्दाने दुखवलं नव्हतं, आणि आत्ताही तो फक्त विचारत होता.

"नाही," मी म्हटलं. "नव्हती लागली."

त्याने कानस खाली ठेवली. मग "बरं" म्हणाला, आणि तंबोऱ्याच्या तारा एकेक करून उतरवू लागला.